वहिनीची चाळीस वाक्यं

माझी वहिनी लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते. लिहायला नाही, वाचायला नाही, फक्त बोलायला. कुणी व्याकरणाचं पुस्तक काखेत मारून आलं, तर ती ते दाराशी छत्र्यांच्या शेजारी ठेवायला लावते आणि जाताना आठवणीने परत देते. एकतीस वर्षं ती हेच करतेय. तिच्याविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागेल, कारण तिचं लग्न त्यातूनच झालं आणि नंतर जे झालं तेही त्यातूनच.

आमचं घर उभं आणि अरुंद. रस्त्याला लागून माझं शिवणाचं दुकान, दुकानामागे माझी खोली, मधल्या मजल्यावर तिचा क्लास आणि सगळ्यात वर ती आणि माझा दादा. म्हणजे तिच्या क्लासची फरशी ते माझं छत. मला इंग्रजी येत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिने मला शिकवायला काढलं होतं, पण क्लासात बसायचं तर नणंदेनेही तिला ‘मॅडम’ म्हणायला हवं असं तिचं म्हणणं पडलं, आणि ते माझ्या तोंडातून काही निघेना. मी नाद सोडला. तरी इतकी वर्षं डोक्यावर जे चाललंय ते कानात झिरपतंच. तिची चाळीस वाक्यं मला आजही येतात, अर्थासकट.

ही चाळीस वाक्यं म्हणजे तिचा पहिला धडा. कसे आहात, मी मजेत आहे, आपल्याला भेटून आनंद झाला, काही अडचण नाही, आभारी आहे, पुन्हा भेटू. पहिले दोन महिने दुसरं काही नाही. इंग्रजी डोक्यात ठेवू नका, तोंडात ठेवा, असं ती बजावून सांगते. डोक्यातलं ऐन वेळी सापडत नाही. मग माझ्या दुकानातली बटणांची पेटी वर जायची. विद्यार्थ्याने रंगाप्रमाणे बटणं निवडायची आणि निवडता निवडता ती विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. हात थांबला की पुन्हा पहिल्यापासून. हात न थांबता चाळीसच्या चाळीस आली की मगच पुढचा धडा. आमची आई होती तेव्हा म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला, हे शिकायलासुद्धा लोक जिना चढून येतात. वहिनीला ते वर ऐकू यायचं. तिला राग यायचा नाही, कारण तिची पद्धत खरोखर तीच होती.

आणि खोटं कशाला बोलू, माणसं बोलायला लागायची. ड्रायव्हर, नर्सा, हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं असलेल्या मुली, जावई परदेशातला मिळाला म्हणून धास्तावलेला एक रंगारी. येताना जिन्यावर भिंतीला धरून चढायची आणि दोन महिन्यांनी माझ्या दुकानात डोकावून मला ‘गुड इव्हिनिंग’ घालायची.

पूर्वी एक पहारेकरी यायचा. त्याची बायको तेव्हा दवाखान्यात होती. वहिनीने इंग्रजीत कसे आहात विचारलं, तर त्या बापड्याने मोडक्यातोडक्या शब्दांत खरं ते सांगायला सुरुवात केली. मी मशीन थांबवून ऐकत होते. वहिनीने त्याला मध्येच अडवलं. तुमच्या बायकोचं कळलं, वाईट वाटलं, क्लास सुटल्यावर मला सगळं सांगा, पण या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, ते द्या, म्हणाली. विचारणाऱ्याला तुमची हकीकत नको असते. तो नुसता दार लोटून बघतो, आत येत नाही. त्या माणसाने बटणं निवडत निवडत ‘आय अ‍ॅम फाईन, थँक यू, अँड यू’ म्हटलं, दहा वेळा. रात्री जेवताना मी तिला म्हणाले की तुझ्या पोटात काळीज आहे का दगड. ती म्हणाली की वन्सं, काळजाने नोकरी लागत नाही. त्याला ती लागली, हेही सांगते.

दादा तिच्या दुसऱ्या बॅचचा. तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात होता आणि हेड ऑफिसला बदली हवी म्हणून तिच्या माहेरच्या क्लासात इंग्रजी शिकायला गेला. बोलण्याच्या बाबतीत मुलखाचा कंजूष. मनात काय चाललंय त्याची कुणाला ताकास तूर लागू द्यायचा नाही. बाकीचे दोन महिन्यांत पार होत, हा पाच महिने बटणं निवडत बसला होता. मुद्दाम चुकत होता हे वहिनीला लग्न ठरल्यावर कळलं. मागणी त्याने आपल्याच भाषेत घातली, चाळिसांत तसलं वाक्य नव्हतं. हेड ऑफिस काही मिळालं नाही. लग्नानंतरही तो तसाच. रस्त्याने दोघं निघाली की हा चार पावलं पुढे. चारचौघांत तिचा हात धरलेला मी एकोणतीस वर्षांत पाहिला नाही. वहिनी हसून सांगायची की तुमचा भाऊ माझा सगळ्यात जुना विद्यार्थी आणि सगळ्यात कमी बोलणारा. दिव्याखाली अंधार, असं मी म्हणायचे.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू आणि बोलणं, सगळं एकदम गेलं. तो दवाखान्यात होता आणि तीन आठवडे तोंडातून नुसता ‘बा, बा’ असा आवाज यायचा. मग एका सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत होती आणि सवयीने, काही विचार न करता, तिने त्याला इंग्रजीत कसे आहात विचारलं. त्याने उत्तर दिलं. स्वच्छ, न अडखळता, ‘आय अ‍ॅम फाईन, थँक यू. अँड यू?’

वहिनीने मला फोन केला, ‘वन्सं, बोलले’ एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी अर्धं कापलेलं कापड तसंच टाकून धावले. माझ्यासमोरही तो बोलला. मला तेव्हा खूप रडू आलं. पुढे जे झालं त्यात मला रडू आलं नाही, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

पंधरा दिवसांत चाळीसपैकी तीसेक वाक्यं परत आली. आपल्या भाषेतला एक शब्द नाही. पाणी म्हणता यायचं नाही, मला हाक मारता यायची नाही, पण भेटून आनंद झाला हे मात्र बोलून दाखवायचा. दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक थेरपिस्ट होती, जेमतेम पंचविशीची. तिने आम्हा दोघींना बसवून सांगितलं की हे ऐकून हुरळून जाऊ नका. हे ते बोलत नाहीयेत, त्यांचं तोंड बोलतंय. एक ते दहा आकडे आपण जसे म्हणून जातो तसं. आम्हाला पटावं म्हणून तिने दादाला इंग्रजीत विचारलं, तुम्ही बाई आहात का. दादा म्हणाला, ‘यस, थँक यू.’ आम्ही दोघी हसलो. ती हसली नाही. तिने एक पुठ्ठा दिला, त्यावर चित्रं होती: पाण्याचा ग्लास, संडास, पलंग, डोकं धरलेला माणूस, पोट धरलेला माणूस. रोज हा पुढे धरायचा आणि त्यांना बोट ठेवायला लावायचं, म्हणाली. सुरुवातीला चुकतील, पण महिन्याभरात जमेल. शब्दांवर विश्वास ठेवू नका.

वहिनीचा चेहरा मला बाजूने दिसत होता. घरी येऊन दारात कुलूप काढताना ती म्हणाली, ‘एकतीस वर्षं मी माणसांना बोलतं करते आणि ही मला चित्रं दाखवायला सांगते.’

पुठ्ठा कपाटामागे गेला. मी तिला अडवलं नाही. एरवी माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, त्या दिवशी चालली नाही. मलाही ते आवडलं नव्हतं. आयुष्यभर गोदामातला एकेक नट तोंडपाठ असलेल्या माणसाला बालवाडीतल्यासारखं चित्रावर बोट ठेवायला लावायचं, हे मला बघवलं नसतं. आणि तो बोलत होता ना. आम्हाला तेवढंच हवं होतं.

मग तो घरी आल्यावर तिने त्याला क्लासात बसवायला सुरुवात केली. दोन विद्यार्थी त्याला खुर्चीसकट खाली आणायचे आणि खिडकीपाशी ठेवायचे. नवीन आलेल्याने आधी सरांशी बोलायचं. हाऊ आर यू सर, आय अ‍ॅम फाईन थँक यू. एनी प्रॉब्लेम सर, नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल. पोरं खूश, कारण सर कधी चुकत नसत आणि कधी कंटाळत नसत. मी वहिनीला म्हणाले की माझ्या भावाचं प्रदर्शन मांडू नकोस. ती म्हणाली की घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माणसांत बरं. तेही खरं होतं. माणसं आली की त्याचा डावा डोळा हसायचा. आमचा नेहमीचा डॉक्टर, जो तपासायला घरी यायचा, तोही त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचा. कसे आहात म्हणायचा, दादा ठरलेलं उत्तर द्यायचा, डॉक्टर त्याच्या खांद्यावर थाप मारायचा. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू ठेवा म्हणून निघून जायचा.

असे सात महिने गेले. आता त्या शेवटच्या दहा दिवसांचं सांगते.

दादाचं जेवण कमी झालं. दोन घास खाऊन तो तोंड फिरवायचा. वहिनीने वेगवेगळं करून पाहिलं. उन्हाळा आहे, बसून बसून भूक लागत नसेल, असं आम्ही ठरवलं. सकाळी ती विचारायची, तो फाईन म्हणायचा. आणि त्याच दिवसांत त्याने एक नवीनच गोष्ट सुरू केली. ती जवळ आली की डाव्या हाताने तिचा हात धरायचा आणि आपल्या पोटावर ठेवायचा, बरगड्यांच्या जरा खाली, मधोमध. ठेवून वर आपला हात दाबून धरायचा. सोडायचाच नाही.

पहिल्यांदा तिने मला हे जिन्यात थांबवून सांगितलं. साठीला टेकलेली बाई, पण आवाज असा की काल लग्न झालंय. एकोणतीस वर्षांत कधी नाही हो वन्सं, म्हणाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने ते क्लासात, सगळ्यांसमोर केलं. पोरींनी एकमेकींकडे बघून माना खाली घातल्या. मी बटणांची पेटी परत न्यायला वर गेले होते, मीही पाहिलं. मी काय केलं असेल? मी चेष्टा केली. ‘दादा, उशिरा का होईना, सुचलं तुला,’ म्हटलं. सगळे हसले. वहिनी लाजली. दादाने माझ्याकडे पाहिलं. चेहरा अर्धा मेलेला, त्यावर काय उमटलंय ते धड कळायचं नाही. तो बराच वेळ बघत राहिला आणि मला अवघडल्यासारखं झालं. नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला, म्हणून मी पेटी उचलून खाली आले.

डॉक्टर त्यातच एकदा येऊन गेला. एनी प्रॉब्लेम, त्याने विचारलं. दादा म्हणाला, नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल, थँक यू, डॉक्टर.

दहाव्या दिवशी सकाळी तो पांढराफटक पडला, घामाने निथळत होता. दवाखान्यात नेलं, लगेच ऑपरेशनला घेतलं. जठराला भोक पडलं होतं. गोळ्यांनी आधी आत जखम झाली असणार आणि ती वाढत वाढत फुटली. आत सगळीकडे विष पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

ऑपरेशन करून सर्जन बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी बाकावर होतो. नर्सने वहिनीपुढे कागद धरले होते आणि ती एकेका पानावर सही करत होती. सर्जन म्हणाला की हे आजचं दुखणं नाही, निदान आठ-दहा दिवस यांना भयंकर दुखत असणार. कसं सहन केलं कोण जाणे. मग त्याने आपल्याच अंगावर बोट ठेवून दाखवलं, कुठे ते. बरगड्यांच्या जरा खाली, मधोमध.

‘काही बोलले नाहीत का?’ त्याने विचारलं.

वहिनीने कागदावरून मान वर केली. ‘बोलायचे की,’ ती म्हणाली. ‘फाईन आहे म्हणायचे.’

तिने ते बोट पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. त्या क्षणी मला काही झालं नाही. बाकाचं लोखंड थंड आहे, नर्सच्या खिशात दोन पेनं आहेत, एवढंच कळत होतं. ते तसंच पुढे राहिलं. दादा गेला, त्याचं सगळं झालं, माणसं आली आणि गेली, मी दुकान उघडलं, कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घातली. लोक म्हणाले की ही बाई खंबीर. मी खंबीर नव्हते. मला काही लागतच नव्हतं. सुई बोटात गेली तरी रक्त दिसल्यावर कळायचं.

आठवड्याने वहिनीने क्लास सुरू केला. वरून तोच आवाज, तीच वाक्यं. मी कापूस कानात घालायचा विचार केला, मग तेवढंही उठून करावंसं वाटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ते दहा दिवस सांगायची. शेवटी शेवटी माझा हात सोडत नव्हते, म्हणायची. जन्मभर बोलले नाहीत ते त्या दहा दिवसांत बोलले. बायका पदराने डोळे टिपायच्या. मी कोपऱ्यात बसून ऐकायचे आणि ठरवायचे की हिला कधी सांगायचं नाही. हिच्याकडे एवढंच उरलंय. आजवर मी तिला तोंडावर काय काय बोलले आहे, त्याला गणती नाही. हे एक मी गिळायचं. तिने विचारलंच तर काय म्हणायचं, तेही मी ठरवून ठेवलं. मशीन चालवताना मनात म्हणून बघायचे, आवाज सहज यावा म्हणून.

तीन आठवडे झाले असतील. दुपारची बॅच सुटली होती, सहाची यायची होती. वहिनी खाली आली. हातात उसवलेली पिशवी होती. ती मशीनवर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसली. मी पिशवी उलटी करून शिवण बघायला लागले.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘एकदा ठेवलेला हात मी जरा बाजूला सरकवला होता. छातीवर. त्यांनी उचलून परत तिथेच ठेवला. मी पुन्हा सरकवला, त्यांनी पुन्हा तिथेच आणला. रोज त्याच जागी.’

मी दोरा ओवत होते. तो ओवला जात नव्हता.

‘माया करणारा माणूस जागा मोजत नाही हो.’

मी दोरा ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, ‘काहीतरी डोक्यात घेऊ नकोस, वहिनी. त्याला तू जवळ हवी होतीस. त्याला तेवढंच सांगायचं होतं.’

न अडखळता म्हणाले. आवाजही हवा तसाच आला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वर्गात ती पोरांकडे बघते तशी, ओठांकडे. मग तिने खूप हळू विचारलं, ‘हे किती दिवस पाठ करताय?’

खोटं बोलायला आणखी एक वाक्य लागलं असतं. ते मी तयार केलं नव्हतं.

‘दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलो होतो तेव्हापासून,’ मी म्हणाले.

तिने मान हलवली. रडली नाही. तिने आपला उजवा तळहात उचलून समोर धरला आणि बघत राहिली, दोन्ही बाजूंनी. मग तो मांडीवर ठेवला. वर सहाच्या बॅचची पोरं जमली, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी जिन्यातून ‘मॅडम’ म्हणून हाक मारली. ती उठली नाही. मीही तिला ऊठ म्हणाले नाही.